कढई समोर आहे असं समजा

मामींची लोखंडी कढई आता माझ्या घरी आहे. धाराशिवच्या या दोन खोल्यांत तिला जागा नाही, म्हणून मागच्या पडवीत भिंतीला टेकवून उभी केली आहे. पावसाळ्यात तिला गंज चढतो. मी तो राखेनं घासते, तेलाचा हात फिरवते आणि पुन्हा भिंतीला टेकवते. शेजारच्या बाईंनी एकदा विचारलं, एवढी मोठी कढई कशाला सांभाळता, भंगारवाला चांगल्या भावानं नेईल. सांगायचं म्हटलं तर मामांच्या खांद्यापासून सांगावं लागेल, आणि ते मला अजून कुणाला तोंडानं सांगता आलेलं नाही. लिहून बघते.

आई गेली तेव्हा मी फार लहान होते. वडिलांनी दुसरं लग्न केलं, आणि मामा येऊन मला भूम तालुक्यातल्या आपल्या गावी घेऊन गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं. चार म्हशी होत्या, थोडी कोरडवाहू जमीन होती आणि परसात खव्याची भट्टी होती. आमच्या भागात तेव्हा घरटी नाही, पण गल्लीत एखादी तरी भट्टी असायचीच. पहाटेची धार झाली की मामी बाभळीची लाकडं पेटवायच्या आणि मामा कढईपुढं बसायचे.

खवा करताना बघितला नसेल त्याला वाटतं, दूध आटवायचं, त्यात काय मोठं. दूध सुरुवातीला पाण्यासारखंच असतं. उलथनं त्यात आपोआप फिरतं, लहान पोरसुद्धा फिरवील. मग हळूहळू ते जड होत जातं. आधी सायीसारखं, मग पिठल्यासारखं, आणि शेवटी मळलेल्या चिखलासारखं, उलथन्याला धरून ठेवणारं. त्या शेवटच्या वेळातच सगळी परीक्षा. हात थांबला की तळाला लागतं, आणि एकदा लागलं की सकाळची सगळी धार वाया. मामांचा खवा कधी लागला नाही. त्यांचा उजवा हात खांद्यापासून गोल फिरायचा, मनगट जागचं हलायचं नाही. मी भट्टीच्या उजेडात पाढे म्हणायची, पुढं धडे वाचायची, आणि मामा मधूनच विचारायचे, "आता काय वाचतीस माय?" मी सांगितलं की म्हणायचे, "वाच वाच. एकानं ढवळावं, एकानं वाचावं."

त्या घरात एक नेम होता. रिकाम्या कढईत उलथनं फिरवायचं नाही. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, तसंच हे. फिरवलं की घरातलं दूध आटतं. मी एकदा खेळता खेळता उलथनं घेऊन कोरड्या कढईत खरखर फिरवलं, तर मामींनी धावत येऊन माझ्या हातावर चापट मारली. एरवी त्या मला कधी बोट लावत नसत. मारल्यावर त्याच रडल्या आणि कढईत चुळकाभर दूध टाकून, तेच उलथनं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता फिरव. आता चालतंय."

बहात्तरच्या दुष्काळात म्हशी भाकड गेल्या. दोन विकल्या, एक मेली. भट्टी थंड पडली. मामींनी कढई धुऊन पुसून परसात पालथी घातली, म्हणजे कुणाच्या हातून रिकामी ढवळली जायला नको. मामा-मामी तलावाच्या कामावर खडी फोडायला गेले. मामा संध्याकाळी परत आले की उजवा खांदा चोळत बसायचे. हातोडा वरून खाली येतो, म्हणायचे, अन् उलथनं गोल फिरतं. ह्या हाताला वरखाली व्हायची सवय न्हाय.

पाऊस परत आला, म्हशी परत घेतल्या, कढई उताणी झाली. मी शिकत राहिले. भाचीला कशाला शिकवता, ती काय तुमची भट्टी सांभाळणार का, असं लोक म्हणायचे. मामा म्हणायचे, भट्टी सांभाळायला लागू नये म्हणूनच शिकवतोय. पुढं मला उस्मानाबादच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली. तेव्हा धाराशिवला उस्मानाबादच म्हणत. त्याच सुमाराला गावात दूध सोसायटी झाली. लोकांनी एकेक करून भट्ट्या मोडल्या, धारा थेट सोसायटीत घालायला लागले. मामा संध्याकाळचं दूध सोसायटीला घालायचे, पण पहाटेचं भट्टीवरच. चेअरमन त्यांना येताजाता टोमणे मारायचे. धुरात डोळे घालवण्यापेक्षा सोसायटीत खुर्चीवर येऊन बसा, दूध मोजून घ्या. मामा म्हणाले, "चेअरमन, खुर्चीला बूड लागतं. माझं बूड भट्टीवरच बसायचं शिकलंय."

त्या सोसायटीच्याच ओल्या फरशीवर मामा घसरले. उजव्या हातात भरलेली दुधाची कॅन होती. दुसरा कुणी असता तर कॅन सोडून हात टेकला असता. मामांनी कॅन सोडली नाही. ती उभीच राहिली आणि मामा तिला लटकून खाली आले. दूध सांडलं नाही. खांदा मात्र हिसकला.

गावातल्या हाडवैद्यानं तेल लावून चोळलं, शेकलं, ओढून बघितलं. हाड मोडलेलं नाही, बसेल हळूहळू, असं म्हणाला. मी सुट्टीत गेले तेव्हा मामा भिंतीकडं तोंड करून जेवायला बसले होते. मला वाटलं रुसलेत. मग कळलं, ते डाव्या हातानं जेवत होते, आणि तसं जेवताना कुणी बघू नये म्हणून पाठ करून बसले होते. भट्टी मामी सांभाळत होत्या. एका हातानं लाकडं सारायची, एका हातानं ढवळायचं. खवा अधूनमधून लागत होता. बार्शीचा खवेवाला तो परत पाठवत होता.

मी मामांना सोलापूरच्या एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मामी म्हशी सोडून येऊ शकत नव्हत्या.

तिथले हाडांचे डॉक्टर तरुण होते, शांत बोलणारे. त्यांनी मामांचा उजवा हात धरून बाजूनं वर उचलला. तो सहज वर गेला. मामांचा चेहरा उजळला. मग डॉक्टर म्हणाले, आता मी सोडतो, तुम्ही तिथंच धरून ठेवा. त्यांनी सोडला आणि हात धप्पकन मांडीवर पडला. मामा त्या हाताकडं बघत राहिले. दुसऱ्याच कुणाचा तरी हात येऊन आपल्या मांडीवर पडावा, तसं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हाड शाबूत आहे. हात वर उचलणारा जो स्नायू असतो, त्याचं हाडाला चिकटलेलं टोक फाटून सुटलंय. खांदा उघडून ते टोक परत हाडाला शिवायचं. शिवलेलं हाडाला धरायला काही महिने जातात. मामांनी एवढंच विचारलं, "उलथनं फिरंल का?" डॉक्टरांनी उलथनं कसलं ते विचारून घेतलं. मामांनी भट्टीचं सगळं सांगितलं, दूध कसं जड होत जातं ते डाव्या हातानं करून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, फिरेल अशी आशा आहे, पण वचन देत नाही.

मग त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अशा ऑपरेशननंतर हात कसा ठेवायचा, याच्या दोन रीती आहेत. काही डॉक्टर हात छातीशी घट्ट बांधून ठेवतात, शिवण पक्की होईपर्यंत हलवूच देत नाहीत. काही थोड्या दिवसांतच अगदी हलकी हालचाल सुरू करतात, म्हणजे सांधा आखडत नाही. दोन्हीत चांगली कोणती, हे ते बघत होते. जे पेशंट तयार असतील त्यांची चिठ्ठी काढायची, निघेल ती रीत वापरायची, आणि पुढं वरचेवर बोलावून हात किती उठतो, किती दुखतो ते लिहून ठेवायचं. नको वाटलं तर नाही म्हणा, उपचारात काही कमी होणार नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

"पर चांगली कंची हाय ते तुमाला म्हाईत आसंलच की," मामा म्हणाले.

"नाही, बाबा. माहीत असतं तर चिठ्ठी कशाला काढली असती?"

मामांना हे फार आवडलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, एवढा शिकलेला माणूस, अन् म्हाईत न्हाय म्हणतो. आपल्या हाडवैद्याला सगळं म्हाईत व्हतं. त्यांनी होकार दिला. चिठ्ठी निघाली ती हात हलवायची.

शेजारच्या खाटेवर नळदुर्गचा एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याचाही खांदा तसाच फाटलेला, पण त्याची चिठ्ठी बांधून ठेवायची निघाली होती. त्याचा हात छातीशी असा आवळला होता की एका बाजूनं तो पार्सलसारखा दिसायचा. मामांना म्हणायचा, "चाचा, तुम्हारा नसीब अच्छा. आपुन को तो खुंट्याला बांधून टाकलंय." मामा म्हणायचे, बांधलेलं जनावर दूध जास्त देतं, बघत ऱ्हावा. दोघांची पैजच लागली होती, कुणाचा हात आधी वर जातो त्याची. जिंकणाऱ्यानं काय घ्यायचं, तर हरणाऱ्यानं त्याला सलाम करायचा. ड्रायव्हर म्हणाला, हात वर गेल्याशिवाय सलाम करणार कसा? सगळा वॉर्ड हसला.

ऑपरेशन नीट पार पडलं. मामांना पहिल्यांदा व्यायाम शिकवायचा तो दिवस मला चांगला आठवतो. डॉक्टरांनी त्यांना खाटेच्या कडेला उभं केलं. पुढं वाका, डावा हात खाटेवर टेकवा, उजवा हात सैल सोडा, आडातल्या दोरासारखा लोंबू दे. आता त्याला गोल फिरवा. जोर खांद्यानं लावायचा नाही, अंग हलवायचं, हात आपोआप फिरेल. मामांना ते काही केल्या जमेना. हात अवघडून ताठ व्हायचा. मग डॉक्टरांना सुचलं.

"बाबा, खवा करताना बसता ना? कढई समोर आहे असं समजा. नुकतंच दूध ओतलंय, पातळ आहे. फिरवा."

मामांचा खांदा सैल झाला आणि हात गोल फिरायला लागला. ज्या हातानं माझं लहानपण ढवळलं होतं, तो हात. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. मामा म्हणाले, "सायेब, तुमी आधी भट्टीवर कामाला व्हता काय?" डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

वॉर्डात ते रोज तसं करायचे. माझ्या लक्षात आलं, की फिरवताना ते डोळे मिटून घेतात. दुखतं का म्हणून विचारलं.

"न्हाय गं माय. उगड्या डोळ्यानं रिकामं दिसतंय. डोळं मिटलं की दूध दिसतं. मग चालतंय."

मी हसले. तेसुद्धा हसले.

मामांना घरी सोडून मी नोकरीवर परत आले. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, हातात काही धरायचं नाही, उचलायचं नाही, फक्त फिरवायचं. मामांनी ते मामींना शब्द न् शब्द सांगितलं. पुढचं जे लिहिते, ते मामींनी मला नंतर सांगितलेलं.

घरी मामा व्यायाम करायचे ते भट्टीपाशी. कढई समोर समजायची, तर खरीच समोर असू दे, म्हणायचे. डावा हात ओट्यावर टेकवून ते कढईवर वाकायचे आणि उजवा हात वरच्यावर फिरवायचे. मामींनी ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्यांच्या काळजात चर्र झालं. रिकामी कढई, आणि तिच्यावर हात फिरतोय. त्या म्हणाल्या, आवो, आसं नका करू. मामा म्हणाले, डोळं मिटतो की. मामी म्हणाल्या, तुमी मिटता, पर कढईला दिसतंय नव्हं?

दुसऱ्या दिवसापासून मामींनी तिच्यात दूध ओतायला सुरुवात केली. पहाटेची धार नाहीतरी आटवायचीच असते. लाकडं पेटवायची, दूध ओतायचं आणि मामांनी त्यात हात फिरवायचा. आणि दुधात नुसता हात कसा फिरवणार, म्हणून उलथनं हातात आलं. पातळ दुधात त्याला वजन ते काय? मामा म्हणाले, हे तर हवेपरीस हलकं लागतंय. दूध जड व्हायच्या आत मामी उलथनं काढून घ्यायच्या आणि पुढचं आपण ढवळायच्या. दोघांचा तसा ठरावच होता. असं बरेच दिवस चाललं. हात आखडला नाही, दुखणं कमी झालं. मामी पहाटे एकट्या भट्टीपुढं बसत होत्या ते संपलं होतं. मला त्यांनी सांगितलं, इतक्या वर्षांत आमी दोगं एका कढईवर कदी बसलो नव्हतो. त्ये ढवळायचे, म्या लाकडं सारायची. आता एक कढई दोगांची झाली. लई बरं वाटायचं.

त्या सकाळी दूध पिठल्यासारखं झालं होतं, मामी उलथनं घ्यायला उठल्याच होत्या, आणि म्हैस दावं तोडून पळाली. शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरली. मामी काठी घेऊन मागं धावल्या. आत्ता आले, म्हणाल्या. म्हैस सापडली, पण हाताला लागेना. पार ओढ्यापर्यंत गेली.

परत आल्या तेव्हा भट्टीतली लाकडं विझत आली होती. मामा कढईपाशी बसले होते, भिंतीला टेकून. उजवा हात मांडीवर पडला होता. कढईत खवा होता, गोळा झालेला, पांढराशुभ्र. मामांनी वर बघितलं आणि म्हणाले,

"खवा लागला न्हाय बघ."

मामींनी खव्याकडं बघितलंच नाही. त्या हाताकडं बघत होत्या. मामा म्हणाले, शेवटाला आतून दोरी तुटल्यावानी आवाज आला. त्येच्याआधी थांबायला पायजे व्हतं, पर दूध शेवटाला आलं व्हतं.

निरोप आला तशी मी गेले आणि आम्ही तिघंही सोलापूरला निघालो. या वेळी मामी म्हशी सोडून आल्या. मामांनी तोच खवा ओल्या फडक्यात बांधून बरोबर घेतला होता. मोकळ्या हातानं जायचं नाही, म्हणाले.

डॉक्टरांनी हात उचलला. तो वर गेला. सोडला. पडला. त्यांनी परत एकदा करून बघितलं, सावकाश, जणू पहिल्या वेळी आपलंच काही चुकलं असावं. मग ते स्टुलावर बसले आणि काय झालं ते मामांकडून सगळं ऐकून घेतलं. मामांनी काही लपवलं नाही. म्हशीचंसुद्धा सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, लाकडं ओढून का नाही काढली? मामा म्हणाले, लाकडं काडली तरी तापली कढई तापलीच ऱ्हाती, सायेब. डॉक्टरांनी मान हलवली. मग म्हणाले, मी कढईचं नाव काढायला नको होतं.

"तुमचं बरुबर व्हतं," मामा म्हणाले. "तुमी रिकामीच सांगितली व्हती. दूध आमी घातलं."

मामी तोवर दाराशी उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्या पुढं आल्या आणि म्हणाल्या, "दूध म्या घातलं."

डॉक्टरांनी त्यांना बसायला सांगितलं, त्या बसल्या नाहीत. फाटलेलं टोक आता आत ओढलं गेलंय, परत शिवलं तर धरेल असं वाटत नाही, हे डॉक्टरांनी फार हळू आवाजात सांगितलं. पण मामांना समजायचं ते त्या पडलेल्या हातानं आधीच समजलं होतं. ते दुसऱ्याच विचारात होते.

"सायेब, आता मला तुमच्या त्या कामातनं काडून टाकणार व्हय?"

"नाही. तुम्ही त्यात राहणार."

"माझं तर बिगाडलं. काडून टाका. न्हायतर उद्या कुणी म्हणंल, हात हलवल्यानं फाटला. मागनं येणाऱ्या मानसाला उगंच बांधून ठिवतील."

"बाबा, ज्याचं बिघडलं त्याला मी काढत गेलो, तर ते काम खोटं होईल. एकट्या तुमच्यावरून कुणी काही ठरवणार नाही. पण तुमचा हात त्यात राहील."

"मग लिवा," मामा म्हणाले. "पर दूध जड झालं व्हतं, त्येबी लिवा."

डॉक्टरांनी आमच्यासमोर ते लिहिलं आणि मामांना वाचून दाखवलं. मामांनी डाव्या हातानं फडक्याची गाठ सोडली आणि खवा पुढं केला. डॉक्टरांनी चिमूटभर घेऊन तोंडात टाकला. चावला नाही, तसाच धरून ठेवला. मामांनी विचारलं, लागलाय का? डॉक्टरांनी मान हलवून नाही म्हटलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते आमच्यापासून लपवायचाही त्यांनी प्रयत्न केला नाही.

बाहेर व्हरांड्यात नळदुर्गचा ड्रायव्हर तपासणीला आलेला भेटला. त्याचा हात सुटला होता. आम्हाला बघून त्यानं लांबूनच तो कपाळापर्यंत नेला, सलाम ठोकला आणि ओरडला, "चाचा, जीत गया मैं." मग त्याला मामांचा हात दिसला. तो जवळ आला. मामा म्हणाले, "हरलेल्यानं सलाम करायचा ठरलं व्हतं." आणि त्यांनी डावा हात कपाळाला लावला. ड्रायव्हरनं तो हात मध्येच धरला आणि खाली घेतला. एसटी स्टँडपर्यंत आमची पिशवी त्यानं उचलून आणली, त्याच खांद्यावरून.

त्या संशोधनातून पुढं काय निघालं, मला कळलं नाही. डॉक्टर काही वर्षांनी दुसरीकडं गेले. पण त्याआधी एकदा मी मामांना तपासणीला घेऊन गेले होते, तेव्हा दुसऱ्या पेशंटला व्यायाम शिकवताना मी त्यांना ऐकलं. ते म्हणत होते, हात सैल सोडा, आडात दोर लोंबतो तसा, आणि हातात काही नको, हवासुद्धा नको. कढई त्यांच्या बोलण्यातून गेली होती.

चेअरमननी खुर्ची दिली. टोमणा न मारता दिली, आणि मामांनी काही न बोलता घेतली. ते सोसायटीत बसायचे, लोक दूध ओतायचे, ते डाव्या हातानं वहीत खूण करायचे. घरी मामी त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही आधी चढवायच्या, मग डावी. जेवायला ते भिंतीकडं तोंड करूनच बसायचे. एके दिवशी मामीसुद्धा आपलं ताट घेऊन त्यांच्या शेजारी भिंतीकडं तोंड करून बसल्या. तेव्हापासून दोघं तसेच जेवायचे. मी गेले की मीही तिसरी जाऊन बसायची. बाहेरून कुणी आलं तर त्याला वाटायचं, या घरात भांडण झालंय.

कढई परसात पालथी पडली होती. दुष्काळात पडली होती तशीच, फक्त आता गोठ्यात दूध होतं.

मामींना कुणी बोल लावला नाही. मामांनी तर नाहीच. उलट लोकांत ते म्हैस पळाल्याची गोष्ट अशी रंगवून सांगायचे की ऐकणारा हसून हसून बेजार व्हायचा, आणि त्या गोष्टीत मामींनी दूध ओतल्याचा भाग कधी नसायचा. मामी तेवढ्यापुरत्या उठून आत जायच्या. त्यांचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. म्या अपशकुन टाळाया गेले. दूध आटू नये म्हणून दूध वतलं. अन् ढवळणाराच आटला.

मामा गेले ते खांद्यानं नव्हे. ताप आला, छातीत उतरला, आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. शेवटच्या दिवसांत ग्लानीत त्यांची उजवी बोटं चादरीवर गोल फिरत होती. हात उठत नव्हता, बोटं फिरत होती. मामी उशाशी बसून त्यांच्याकडं बघत होत्या. मध्येच उठल्या, वाटीत दूध घेऊन आल्या आणि त्यांच्या हाताजवळ ठेवलं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उचलून परत आत नेलं.

तेरावा झाल्यावर पाहुणे गेले. मी आणखी राहिले होते. सकाळी उठले तर मामी अंथरुणात नव्हत्या. परसातून आवाज येत होता, लोखंडावर लोखंड घासल्याचा. मी दारात गेले.

मामींनी कढई उताणी केली होती. धुतली नव्हती, आत धूळ तशीच होती. थंड भट्टीवर ती ठेवून त्या तिच्यापुढं मामांच्या जागी बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी उलथनं धरून रिकाम्या कढईत फिरवत होत्या. सावकाश, खांद्यापासून, मामा फिरवायचे तसं. पलीकडं गोठ्यात म्हैस धारेला खोळंबून हंबरत होती.

मी म्हटलं, "मामी, रिकामी आहे."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. हात थांबला नाही. "बस माय. काय आसंल ते वाच."

माझ्याकडं वाचायला काही नव्हतं. मी त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले.